जव सियागंजात, हायड्रोमीटर दवा बाजारात आणि परवाना कुठेच नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझा एक भाचा गेल्या वर्षी पुण्याहून बदली होऊन इंदुरात आला. पहिल्याच भेटीत, चहा संपायच्या आत, त्याने मला विचारले, “मामा, घरी बिअर करायला लागणारे सामान इथे कुठे मिळते हो?” मी आयुष्यभर अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यातली चार वर्षे इंग्लंडमध्ये काढली आणि तिथे शेजाऱ्याच्या गॅरेजात बिअर होताना पुष्कळदा पाहिली, थोडी हातानेही केली, हे घरात सर्वांना ठाऊक असल्याने प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक होते. कायद्याच्या अंगाने त्याला एका वाक्यात उत्तर देता आले. बाजाराच्या अंगाने उत्तर शोधायला मात्र तीन शनिवार लागले, आणि त्या तीन शनिवारांत जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे, आणि जमल्यास आबकारी खात्यापुढेही, यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कायद्याचे आधी सांगतो. मध्य प्रदेशात लागू असलेल्या 1915 च्या आबकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे; इतकेच नव्हे, तर ते तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. त्यामुळे आजच्या घडीला इंदुरात घरी बिअर करता येणार नाही असे मी भाच्याला स्पष्ट सांगितले, आणि ती आम्ही केलीही नाही. बाजारात फिरलो तो केवळ काय मिळते आणि काय मिळत नाही ते पाहायला.

बिअरला मुळात चारच गोष्टी लागतात: मोड आणून वाळवलेले जव म्हणजे मॉल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी. यातल्या मॉल्टचे मराठी घराला नवल वाटायचे कारण नाही. बाळ सहा महिन्यांचे झाले की नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, दळून आपण जे सत्त्व वस्त्रगाळ करतो तो नाचणीचा मॉल्टच असतो. मोड येताना दाण्यात अ‍ॅमिलेज नावाची विकरे तयार होतात आणि ती दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. बाळाला सत्त्व हलके जाते ते त्यामुळे, आणि बिअर करणारा मॉल्ट भरडून 65 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर झाकून ठेवतो तोही त्याचसाठी. वीस लिटर बिअरला साधारण चार ते पाच किलो मॉल्ट लागतो. तयार मॉल्ट कारखान्यांना पंचवीस किंवा पन्नास किलोंच्या पोत्यांनी जातो, पाच किलो कोणी सुटा देत नाही. म्हणून आम्ही नुसते जव शोधायला निघालो.

जव सियागंजात मिळतात, छावणीच्या धान्य मंडीतही मिळतात. पहिल्याच दुकानदाराने विचारले, “हवन के लिए चाहिए या गाय के लिए?” मोड आणायचे आहेत म्हटल्यावर तो म्हणाला की नवरात्र तर अजून लांब आहे. त्याचे चुकले नाही. माळव्यात जव उगवायचे ते जवारे पेरण्यासाठी, दुसऱ्या कशासाठी कोणी उगवल्याचे त्याने ऐकले नसावे. ते जव घरी आणून शंभर दाणे ओल्या फडक्यावर ठेवले, तर निम्मेही उगवले नाहीत. मॉल्टसाठी शंभरातले किमान पंच्याण्णव दाणे उगवावे लागतात, आणि तेही एकदमच, कारण मागेपुढे उगवले तर निम्म्यांत विकरे पुरेशी होत नाहीत आणि बाकीच्यांची साखर कोंबच खाऊन टाकतो. मग कोणीतरी सुचवले की बियाण्याच्या दुकानातून घ्या, तिथले हमखास उगवतील. उगवतील यात शंका नाही. पण पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते पोटात जाता कामा नये. ही गोष्ट दुकानदाराने आपण होऊन सांगितली नाही, आम्हीही शेतीसाठीच घेत आहोत असे त्याला वाटले असणार. या शोधातली सर्वांत धोक्याची जागा मला तीच वाटली, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवत आहे.

चांगले जव मिळाले तरी मोड आणायला पंधरा ते अठरा अंशांचे तापमान चार-पाच दिवस टिकवावे लागते, आणि तसे तापमान इंदुरात पौष-माघाच्या सुमारासच असते. उन्हाळ्यात तेच दाणे दोन दिवसांत आंबूस होतात. नंतर आधी मंद आणि मग 80 अंशांच्या आसपासच्या उष्णतेवर वाळवायचे, कोंब चोळून काढायचे. घरच्या ओव्हनमध्ये हे किलो-दीड किलोपलीकडे निभत नाही. आम्ही डिसेंबरात तेवढेच केले, आणि त्याचे पीठ माझ्या पत्नीने थालीपिठाच्या भाजणीत घातले. थालीपिठे फार चांगली झाली. बेकरीला माल पुरवणाऱ्या दुकानात मॉल्टचा काकवीसारखा दाट अर्कही मिळतो, पण तो पाव-बिस्किटांच्या हिशेबाने केलेला असतो आणि डब्यावर कोणत्या कामासाठी किती घ्यायचा याचा पत्ता नसतो.

हॉप्सची कथा आणखी मजेची आहे. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ही वेल थंड प्रदेशात, उन्हाळ्यातले दिवस लांब असतात तिथे वाढते; आपल्या देशात हिमाचलातल्या लाहौल भागात तिची शेती झालेली आहे. वीस लिटरला पंचवीस ते पन्नास ग्रॅम पुरतात, तेव्हा प्रश्न किमतीचा नाही, तो टिकण्याचा आहे. हॉप्स हवाबंद पाकिटात आणि थंडीत ठेवावे लागतात, नाहीतर त्यांना जुन्या चीजसारखा वास येतो. भाच्याच्या एका मित्राने एप्रिलमध्ये कुरिअरने मागवलेले पाकीट मला हुंगायला दिले होते. पाठवणाऱ्याने पाकीट चांगले दिले असेलही, वाटेत त्याची वाट लागली होती. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राप्रमाणे हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या आहेत. आपल्या राज्यात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, तिथे पाटी लावून भांग विकली जाते. तिच्या या निरुपद्रवी चुलतबहिणीला मात्र शहरात कोणी ओळखत नाही.

यीस्टविषयी फार लिहीत नाही. बेकरीचे यीस्ट आणि एल जातीच्या बिअरचे यीस्ट एकाच प्रजातीचे असते, पण पाव फुगवायला निवडलेले वाण आणि द्रवात तळाशी नीट बसणारे, स्वच्छ चवीचे वाण यांत फरक आहे; बेकरीच्या यीस्टने बिअर होते, पण पावाच्या कणकेसारखी लागते. वीस लिटरसाठी सुक्या यीस्टचे अकरा ग्रॅमचे एक पाकीट पुरते आणि ते फ्रीजमध्ये ठेवावे लागते. पाण्याची चिंता इंदूरकरांना नको असे मला आधी वाटले होते, कारण 1978 पासून आपण नर्मदेचे पाणी पितो; पण नळाच्या पाण्यातले क्लोरीन धान्यातल्या फिनॉलांशी संयोग पावले की औषधासारखा वास येतो. त्यावर उपाय म्हणजे शरबते आणि जॅम टिकवण्यासाठी वापरतात त्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूटभर पूड, आणि ती या शहरात सहज मिळते.

आता उपकरणांकडे वळतो. तीस लिटरचे स्टीलचे तपेले बर्तन बाजारात दहा दुकानांत आहे. लग्नकार्याला लागते तेच. मॉल्टचा गोड रस हॉप्स घालून उकळला की तो लवकर गार करण्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे लागते, ते एसी-फ्रीज दुरुस्त करणारा अर्ध्या तासात वळून देतो. मे महिन्यात टाकीतले पाणीच तीसच्या वर असते, त्यामुळे त्या वेटोळ्यातून फिरवून रस वीस अंशांवर येत नाही, ही गोष्ट वेगळी. किण्वनाचे, म्हणजे रस आंबवण्याचे, भांडे हवाबंद हवे पण आतला वायू बाहेर जायला वाट हवी. त्यासाठी परदेशात एअरलॉक नावाची छोटी वळणदार नळी मिळते, ती इथे कुणी पाहिलेली नाही, पण सलाइनची नळी झाकणातून काढून पाण्याच्या पेल्यात बुडवली तर तेच काम होते. निर्जंतुक करण्याचे आयोडिनयुक्त द्रावण दुग्धशाळांना सामान पुरवणाऱ्याकडे मिळते. म्हणजे या शहरात जे मिळत नाही असे फारसे काही नाही. फक्त एकेक वस्तू दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या दुकानात बसलेली आहे.

आणि तिथेच खरी अडचण येते, ती हायड्रोमीटरमुळे मला कळली. रसात किती साखर आहे आणि ती किती संपली हे या काचेच्या तरंगणाऱ्या नळीवरून समजते, पाण्याची घनता 1.000 धरून सुरुवातीला 1.048 च्या आसपास असलेले वाचन किण्वन संपल्यावर 1.010 च्या जवळ येऊन दोन-तीन दिवस तिथेच स्थिर राहिले, तरच बाटल्या भरायच्या. किण्वन अर्धवट असताना भरल्या, किंवा फेसासाठी घालायची साखर जास्त झाली, तर बंद बाटलीत वायू साठत जातो आणि काच फुटते. वीस लिटरला साधारण 120 ग्रॅम साखर पुरे असते. अंदाजाने मूठभर जास्त टाकणाऱ्याला ही मूठ महाग पडते. इतक्या महत्त्वाच्या या उपकरणासाठी आम्ही विचारणा केली, तेव्हा एका दुकानात दुधाचा लॅक्टोमीटर पुढे आला. त्याची पट्टी 0 ते 40 असते आणि तो 1.040 पलीकडचे मोजत नाही. दुसऱ्या दुकानात गाडीच्या बॅटरीचे आम्ल तपासायचा हायड्रोमीटर दाखवला, त्याची पट्टी 1.100 पासूनच सुरू होते, आणि तो आधी कुठल्या बॅटरीत बुडाला होता हे देव जाणे. शेवटी दवा बाजारात, प्रयोगशाळेची काच विकणाऱ्या एका जाणकार गृहस्थांकडे, 1.000 ते 1.100 पट्टीचा हायड्रोमीटर मिळाला. बिल करताना त्यांनी विचारले, “किस काम का है?” मी म्हटले, गुलाबजामांचा पाक तपासायला. ते हसले. मी खोटे बोललो नव्हतो, माझ्या घरी तो आता त्याच कामाला आहे. पण खरे काम सांगायची सोय असती तर त्यांनी मला तो कोणत्या तापमानाला वाचायचा तेही सांगितले असते, कारण ते त्यांना माहीत होते.

बाटल्यांचेही असेच. जाड काचेच्या 650 मिलिलिटरच्या वापरलेल्या बाटल्या भंगारवाल्याकडे, ज्याला इंदुरात आपण अटालेवाला म्हणतो, ढिगांनी असतात, दातेरी झाकणे आणि ती दाबून बसवायचे हातयंत्र लहान सोडा-कारखान्यांना विकणाऱ्याकडे मिळते. पण कोणती बाटली दाब सहन करते आणि कोणती नाही हे अटालेवाल्याने का सांगावे?

मला जे म्हणायचे आहे ते हेच आहे, की सामान विखुरलेले असण्यात तोटा नाही, तोटा आहे तो त्याबरोबर मिळायला हवी ती माहिती विखुरण्यात. इंग्लंडमध्ये मी ज्या दुकानातून जवाचा मॉल्ट घ्यायचो तिथला म्हातारा दुकानदार पिशवी हातात देण्याआधी “मागची बाटली फुटली नाही ना?” असे विचारायचा. त्या देशात 1880 पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना काढावा लागत असे. 1963 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली आणि काही वर्षांत औषधांच्या दुकानांतूनही हे सामान मिळू लागले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 च्या ऑक्टोबरमध्ये सही केलेल्या कायद्याने प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला दोनशे गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती करण्याची सूट मिळाली. विकायची मुभा नाही, आणि गाळायची, म्हणजे ऊर्ध्वपातनाची, तर मुळीच नाही. तिथे घरगुती बिअरचे सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन या दुकानदारानेच पुढे 1980 मध्ये सिएरा नेवाडा ही बिअर कंपनी उभी केली. आपल्याकडचा 1915 चा कायदा इंग्रजांनी मध्य प्रांतासाठी केला, त्या वेळी इंदूर तर होळकरांच्या राज्यात होते. इंग्रजांनी आपल्या घरातली अट काढून साठ वर्षे उलटली, आणि आम्ही ती अजून सांभाळून ठेवली आहे.

यावर कोणी म्हणेल की संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये दारूबंदीचे धोरण सुचवलेले असताना हे नवे खूळ कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि संपूर्ण दारूबंदी मागणाऱ्याशी माझा वाद नाही. पण आपल्या राज्याचे धोरण तसे नाही. मादक पेये हा राज्यसूचीतला विषय आहे आणि राज्याने तो आपल्या सोयीने वेळोवेळी वाकवलेला आहे. आदिवासी बांधवांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू करण्याची मर्यादित सूट आहे, आणि ती योग्यच आहे. 2022-23 च्या आबकारी धोरणात तर ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक कोटी रुपयांहून अधिक आहे त्यांना पन्नास हजार रुपये शुल्क भरून घरात बार ठेवण्याचा परवाना देण्यात आला. म्हणजे विकत आणलेल्या बाटल्या दिवाणखान्यात मांडायला परवाना आहे, आणि पाच किलो जवांचा रस उकळून स्वतःसाठी आंबवायला नाही.

दुसरी भीती विषबाधेची असते, आणि 2021 च्या जानेवारीत मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने जे बळी घेतले ते कोणीही विसरलेले नाही. पण विषारी दारू होते ती बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. जवाचा रस नुसता आंबवला तर त्यात मिथेनॉल इतके अल्प असते की त्याने विषबाधा होत नाही. खराब झालेली बिअर आंबट लागते, वास मारते, आणि माणूस ती मोरीत ओततो. म्हणून कायद्याने आंबवणे आणि गाळणे यांत रेघ ओढावी आणि गाळण्यावरची बंदी आहे त्याहून कडक करावी, त्याला माझा पाठिंबा आहे.

माझी मागणी लहान आहे. एकवीस वर्षांवरील व्यक्तीने आबकारी खात्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून, माफक शुल्क भरून, महिन्याला वीस-पंचवीस लिटरपर्यंत बिअर केवळ घरच्यांसाठी करावी, विकू नये, आणि गाळण्याचे कोणतेही साधन घरात आढळल्यास नोंदणी रद्द होऊन कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी, एवढी तरतूद येत्या धोरणात करता येईल. त्याबरोबर मॉल्ट, हॉप्स, यीस्ट आणि उपकरणे एकत्र विकणाऱ्या दुकानालाही नोंदणी द्यावी, म्हणजे बुरशीनाशक चोळलेले बियाणे आणि बॅटरीचा हायड्रोमीटर या व्यवहारातून आपोआप बाहेर जातील. ही सूट द्यायचीच नसेल, तर निदान एका साध्या प्रश्नाचे उत्तर खात्याने आपल्या वृत्तपत्रातून द्यावे: हॉप्सचे पाकीट, 1.000 ते 1.100 पट्टीचा हायड्रोमीटर आणि पाच किलो मॉल्ट एकाच काउंटरवर, एकाच बिलावर विकणारा दुकानदार कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतो की नाही? दवा बाजारातल्या त्या गृहस्थांना हे मी विचारले होते. त्यांनी हायड्रोमीटर कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितले की म्हणूनच ते फक्त काच विकतात.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, इंदूर